जहाजावरच्या काकांना, शेगडीच्या शेजारून

प्रिय काका,

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. ‘बरं बरं, चिमटा दे इकडे’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

भर उन्हाळ्यात ओट्यापाशी उभं राहणं नको होतं, आणि नेमकं त्याच दिवसांत आमच्याकडची जेवणं हल्ली रंगतात. स्वयंपाक बाहेर शेगडीवर, तासाभरात, आणि चवी अशा की पाहुणे आधी विचारतात ‘हे काय आहे?’ आणि मग पुन्हा वाढून घेतात. मालवाहू जहाजांचा भटारखाना आयुष्यभर सांभाळलेला माणूस शेजारी राहायला आला, हे आमचं नशीब. पाककृती मात्र तुम्ही एकही लिहून दिली नाहीत. मागितली की म्हणायचात, ‘आधी विस्तव, मग मसाला.’

तर आधी विस्तव. कोळसे शेगडीभर पसरायचे नाहीत. सगळे एका बाजूला ढकलायचे आणि दुसरी बाजू मोकळी ठेवायची. धगीवर वरून खरपूस करून घ्यायचं, मग मोकळ्या बाजूला सरकवून झाकण टाकायचं आणि आतून शिजू द्यायचं. चरबी ठिबकून भडका उडालाच तर तुकडे हलवायला जागा असते. कोळशांवर करडी राख चढेपर्यंत, म्हणजे साधारण २०-२५ मिनिटं, जाळीवर काही टाकायचं नाही. मग तळहात जाळीच्या वर १०-१२ सेंटीमीटरवर धरायचा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर कोळंबी आणि पातळ काप टाकायचे, सहा-सात सेकंद सोसवलं तर कणसं. तुमचा हात मात्र कितीही वेळ सोसतो, त्यामुळे तुमच्या हातावरून अंदाज घेण्यात अर्थ नाही.

दुसरा तुमचा हट्ट कोरडेपणाचा. तुकडा जाळीवर जाण्याआधी कागदाने टिपून घ्यायचाच. ओला तुकडा टाकला की सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग धरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या ज्या अभिक्रियेने तो रंग आणि वास येतो, तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केलं. हे मी नंतर वाचलं. तुम्ही फक्त ‘पूस आधी’ म्हणायचात, आणि तेवढं पुरायचं.

चवीसाठी तासन्‌तास मुरवत ठेवावंच लागतं असं नाही, हे तुम्ही अर्जेंटिनाच्या चिमिचुरीने पटवलंत. मांस नुसतं मीठ लावून भाजायचं आणि वरून ही चटणी घालायची. पार्सली, लसूण, ओरेगॅनो, लाल मिरचीचा चुरा, व्हिनेगर आणि तेल, एवढंच. पार्सली सुरीनेच चिरायची. मिक्सरमध्ये फिरवली की तिचा लगदा होतो. ही चटणी भाजलेल्या बटाट्यांवर मला मांसापेक्षाही जास्त आवडते. (तुम्हाला हे पटत नाही, ठाऊक आहे.)

जमैकाचं जर्क, म्हणजे मसाला चोळून भाजलेलं मांस, याच्या अगदी उलट. ते रात्रभर मुरायलाच हवं. ऑलस्पाइस, थाइम, पातीचा कांदा आणि स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची. ऑलस्पाइस म्हणजे एकाच झाडाची वाळवलेली कच्ची फळं, ज्यांना लवंग, दालचिनी आणि जायफळ असा सगळा वास एकदमच येतो. ती डबी तुम्ही माझ्या नाकाशी धरलीत तेव्हा मी दोनदा झाकण लावून पुन्हा उघडली होती. तिथे त्याच झाडाच्या लाकडावर मांस भाजतात, हेही तुम्हीच सांगितलंत.

कोरियाच्या गोचुजांगची गोष्ट वेगळी. मिरची, तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन यांच्या त्या दाट पेस्टमध्ये गोडवा असतो, म्हणून ती सुरुवातीलाच फासली तर आत शिजण्याआधी वरून करपते. ती शेवटच्या तीन-चार मिनिटांतच ब्रशने लावायची. हा एकच नियम कुठल्याही गोड सॉसला लागू पडतो. नायजेरियात ‘सुया’ नावाच्या भाजलेल्या मांसाला लावतात त्या मसाल्यातलं शेंगदाण्याचं कूट आणि सुंठ मी आता मशरूमवर भुरभुरवते. ट्युनिशियाची हरीसा, म्हणजे मिरचीची चटणी, दह्यात कालवली की भाजलेल्या वांग्याला दुसरं काही लागत नाही.

एका गोष्टीसाठी विशेष आभार: तो काट्याचा थर्मामीटर. कोंबडीचा सगळ्यात जाड भाग आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचला की झालं. कापून पाहायचं आणि रस वाया घालवायचा हा प्रकारच संपला. कच्चं मांस मुरवलेला मसाला उकळल्याशिवाय वरून वाढायचा नाही, हेही तुम्ही दटावून शिकवलंत. आणि पाऊस आला म्हणून पाहुण्यांनी शेगडी आत उचलायला घेतली, तेव्हा तुम्ही अक्षरशः आडवे आलात. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, नाक सावध करत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

माशाबद्दल मात्र आपलं अजून जुळत नाही. तुम्ही म्हणता जाळी कडक तापवायची, तेल माशाला लावायचं आणि सुटेपर्यंत हात लावायचा नाही. मी अख्खा मासा तारेच्या पिंजऱ्यात घालूनच भाजते, आणि शेपटीसकट उलटते. येत्या रविवारी दोन्ही बाजूंना एकेक ठेवू. लिंबं मी आणते, झाकण तुम्ही सांभाळा.

तुमची शेजारीण