तक्त्यात नसलेला रकाना

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. तीन उपनगरं, प्रत्येकापुढे घराचं क्षेत्रफळ, हप्ता, शाळा, ऑफिसला लागणारा वेळ आणि शेवटी दहापैकी गुण. रंग जावईबापूंनी भरलेले दिसतात. काम नेटकं आहे, शंकाच नाही. पण मला सगळ्यात आधी जो रकाना बघायचा होता तोच त्यात नाही. छोटी दहा वर्षांची झाली की तुमच्यापैकी कुणाचंही बोट न धरता कुठपर्यंत जाऊ शकेल?

आज ती चार वर्षांची आहे आणि तुम्ही घरही चार वर्षांच्या मुलीसाठीच निवडताय. झोपाळा, घसरगुंडी, फाटकावर पहारेकरी, गाड्या न येणारं अंगण. हे तिला अजून चार-पाच वर्षं पुरेल. कर्ज मात्र वीस वर्षांचं आहे. म्हणजे त्या घरात जास्त काळ राहणार आहे ती शाळेत जाणारी आणि मग कॉलेजात जाणारी मुलगी. तिला मैत्रिणीकडे जायचं असेल, वाचनालयात जायचं असेल, पोहायला, वही आणायला, आणि कधीकधी नुसतंच तुमच्या नजरेआड. दर वेळी गाडीची किल्ली घेऊन तुमच्यापैकी एकाला उठावं लागणार असेल, तर त्या उपनगराला मी कुटुंबाचं उपनगर म्हणणार नाही. जाहिरातीत कितीही हसरी मुलं दाखवोत.

इंग्लंडमध्ये मेयर हिलमन नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजदाद केली होती. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये हा आकडा ९ टक्क्यांवर आला. आणि त्याच काळात रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली, म्हणून सरकार खूश होतं! हिलमन यांचं म्हणणं असं की रस्ते सुधारलेच नाहीत, मुलांनाच रस्त्यावरून उचलून घरात आणि गाडीत बसवलं. आईबापांचा वेळ कुठे गेला, याचं उत्तरही त्यातच आहे.

तुला माझ्या कचेरीतल्या गोष्टींचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे, पण आज ऐकून घे. नगररचनेत काम करतो म्हटलं की लोकांना वाटायचं मी घरं आखतो. आम्ही आखायचो रस्ते. घरं नंतर कुणीतरी बांधायचं, पाडायचं, पुन्हा बांधायचं. रस्ता मात्र एकदा पडला की पिढ्यान् पिढ्या जागचा हलत नाही. म्हणून उपनगर बघायला गेलीस की नमुन्याच्या सदनिकेतला ओटा आणि फरशी बघण्याआधी रस्ता बघ. ओटा बदलता येतो.

क्लॅरन्स पेरी नावाच्या अमेरिकी माणसाने १९२९ मध्ये शेजारवस्तीचा एक आराखडा मांडला. तो स्वतः न्यू यॉर्कच्या एका आखीव उपनगरात राहायचा, त्यामुळे बोलणं अनुभवाचं होतं. त्याचं सूत्र साधं आहे. प्राथमिक शाळा वस्तीच्या मध्यावर, आणि कुठल्याही घरातून तिथवर साधारण ४०० मीटर, म्हणजे पाच मिनिटांची चाल. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जातील, पोटातून नाहीत. दुकानं कोपऱ्यांवर, जिथे शेजारच्या वस्तीचेही लोक येतात. सुमारे दहावा हिस्सा मोकळा. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर पुढे टीका झाली आणि काही टीका मलाही पटते. पण मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, ही अट मला आजही घराच्या क्षेत्रफळापेक्षा मोलाची वाटते.

आता तुझ्या पहिल्या क्रमांकाकडे येतो, ज्याला तुम्ही दहापैकी नऊ दिलेत. उंच इमारती, आत तलाव, व्यायामशाळा, पळायला वाट. बाहेर दोन्ही बाजूंना सहा-सहा पदरी रस्ते. मी नकाशावर बघितलं. समोरचं वाचनालय सरळ रेषेत दोनशे-सव्वादोनशे मीटरवर आहे. पायी जायचं तर कुंपणाच्या भिंतीला वळसा घालून, पुलाखालून, सिग्नलपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे दीड किलोमीटर. दहा वर्षांच्या मुलीला तू त्या वाटेने एकटी सोडणार नाहीस आणि सोडूही नयेस. मग तिचं जग म्हणजे कुंपणाच्या आतलं अंगण. तेराव्या वर्षी तिला ते पिंजऱ्यासारखं वाटू लागलं तर तिला हट्टी म्हणू नकोस.

गाडी ताशी ३० किलोमीटरने येत असेल आणि मूल अचानक समोर आलं, तर चालकाचं लक्ष जाऊन गाडी थांबेपर्यंत ती साधारण १३ मीटर जाते. ताशी ५० ने येत असेल तर २८ मीटर. वेग दुपटीपेक्षा कमी, अंतर दुपटीपेक्षा जास्त. वस्तीतल्या रस्त्यावर वेगाची पाटी काय म्हणते ते सोड, रस्त्याची रुंदी काय म्हणते ते बघ. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता चालकाला 'वेग वाढव' असंच सांगत असतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत चारशेहून जास्त मुलं दगावली आणि आईवडील अक्षरशः रस्त्यावर उतरले. मुलांच्या हत्या थांबवा, हीच त्यांची घोषणा. तिथल्या डेल्फ्ट शहरात तेव्हा निराळ्याच गल्ल्या आकाराला येत होत्या. त्यांत पदपथ वेगळा नाही, मध्ये झाडं, वळणं आणि बाकडी, गाडीने माणसाच्या चालीने जायचं. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना तिथल्या कायद्यानेच मान्यता दिली. तुझ्या दुसऱ्या क्रमांकाच्या उपनगरात, ज्याला तुम्ही 'जुनाट' म्हणून सहा गुण दिलेत, तिथल्या अरुंद, वाकड्या गल्ल्या आपोआपच असं काम करतात. तिथे कुणाला गाडी दामटताच येत नाही.

आणखी एका माणसाबद्दल सांगतो, मग पुढे जातो. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन रस्ते घेतले. दिसायला एकसारखे, फरक फक्त रहदारीचा. एकावरून दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,००० गाड्या. पहिल्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. तिसऱ्यावरच्याला एकही पुरता नाही, ०.९. लोकांना 'माझं घर' कुठून कुठपर्यंत हे नकाशावर दाखवायला सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्यांनी सगळा रस्ता रंगवला आणि गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी आपली इमारत, काहींनी तर आपल्या खोल्याच. हाच ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेत गेला. हे आठवलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

शेजार चांगला मिळेल का, असं तू फोनवर विचारलं होतंस. शेजार काही प्रमाणात नशिबाचा असतो, पण बराचसा रहदारीवर ठरतो.

आता प्रवास. तक्त्यात तू पहिल्या उपनगरापुढे '५० मिनिटं' लिहिलंस आणि कंसात 'उन्नत मार्ग झाल्यावर ३०'. तो कंस खोड. विकास आराखड्यावरच्या तुटक रेषा, म्हणजे होऊ घातलेले रस्ते, मी माझ्या हाताने काढलेल्या आहेत. त्यातल्या किती पुऱ्या रेषा झाल्या हे विचारू नकोस. आणि रस्ता झालाच तरी अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की शहरी द्रुतगती मार्गावर गर्दीच्या वेळची वाहतूक त्या मार्गाची क्षमता भरेपर्यंत वाढत जाते. म्हणजे तुमच्यासारखेच हजारो जण कंसातले ३० मिनिटं बघून तिकडे राहायला येणार आणि तुम्ही सगळे मिळून ते पुन्हा ५० करणार.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये दाखवलं की माणूस कुठलाही, काळ कोणताही, दिवसाकाठी प्रवासाला सरासरी तासभर देतो. पायी चालायच्या काळात शहरं मध्यापासून अडीच किलोमीटरच्या आसपास पसरलेली असायची, कारण ताशी पाच किलोमीटरने जाऊन-येऊन तेवढंच जमतं. वाहन वेगवान झालं तसं शहर पसरलं, तास तेवढाच राहिला. तुझाही प्रवास तेवढाच धरला तर तुम्ही दोघं मिळून पहिल्या घरातून रोज सव्वातीन तासांहून जास्त देणार आहात. स्टुत्झर आणि फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाच्या बदल्यात माणसाला स्वस्त किंवा मोठं घर मिळत असेल तर हिशेब बरोबरीत सुटायला हवा. पण तो सुटत नाही, लांबून येणारे एकूण कमी समाधानी निघाले. घराच्या मोठेपणाची सवय लवकर होते. रोजच्या खोळंब्याची होत नाही.

शिवाय तू तक्त्यात एकच प्रवास धरलास, जावईबापूंचा. तुझा कुठे आहे? छोटीला ताप आला म्हणून शाळेतून दुपारी फोन येईल तेव्हा कोण पोचणार आणि किती वेळात? हा प्रश्न आत्ता दोघांनी बसून मोकळेपणाने बोला. नाहीतर घर लांब घेतल्यावर ज्याचा पगार कमी त्याने नोकरी सोडायची, हे न बोलताच ठरून जातं, आणि बहुतेक वेळा 'ज्याचा' नसतं, 'जिचा' असतं.

दुसऱ्या गाडीचा खर्चही हप्त्यात मिळवून बघ. शिकागोतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तरच परवडतं असं मानते. तुझ्या आकड्यांवरून मी गणित केलं. लांबचं स्वस्त घर स्वस्त राहत नाही.

शाळेबद्दल फार लिहीत नाही. चालत जाण्यासारखी, बऱ्यापैकी शाळा ही तासभर बसने जावं लागणाऱ्या नावाजलेल्या शाळेपेक्षा बरी, असं माझं मत आहे. तुझ्या आईचं वेगळं आहे, ती स्वतंत्र लिहील. चालत जाण्याच्या शाळेतले मित्र संध्याकाळी खेळायलाही जवळ असतात, एवढंच मी म्हणेन. वस्तीत सगळी घरं एकदम विकली गेली असतील तर सगळी मुलंही एका वयाची असतात. आधी शाळेत जागा नाही, वीस वर्षांनी शाळेत मुलं नाहीत. सगळ्या वयांची माणसं असलेली जागा बरी.

तिसऱ्या क्रमांकाच्या घराच्या खिडकीतून दिसणारी हिरवळ तुला फार आवडली आहे. ती जमीन आराखड्यात कुठल्या रंगात आहे ते बघ. निवासी असेल तर ती हिरवळ पुढच्या इमारतीची आहे, तुझी नाही. मैदानासाठी राखीव असेल तर ताब्यात कुणी घेतली, कधी घेतली, हे विचार. राखीव राहून राहून जुन्या झालेल्या जागा मी भरपूर पाहिल्या आहेत. आणि समोच्च रेषांचा, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा, नकाशा मिळव. आजूबाजूपेक्षा दोन-तीन मीटर खोलगट जागेवर बांधलं असेल तर भराव घालून पाणी पळून जात नाही, शेजाऱ्याकडे जातं, आणि शेजाऱ्याने भराव घातला की तुमच्याकडे येतं. विकणाऱ्याला हे विचारू नकोस. तिथल्या सगळ्यात जुन्या दुकानदाराला विचार, पाणी कुठवर चढतं ते.

आमच्याजवळ घर घ्यायचं का, असाही तक्त्यात एक रकाना आहे आणि त्याला तू दोन गुण जादा दिलेस. ते काढून टाक. आम्ही जवळ असावं असं कुठल्या आजीआजोबांना वाटणार नाही? पण आम्हाला बसने येता येईल असं घर घे. शेवटची बस किती वाजता असते ते मात्र बघ, कारण दहाव्या वर्षी छोटीला आणि सत्तराव्या वर्षी मला लागणारी गोष्ट एकच आहे, गाडी न चालवता घरी पोचणं.

तर माझे गुण असे: दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला पाणी आणि हिरवळ बघेपर्यंत सहा, पहिल्याला चार. दुसऱ्या घरात एक खोली कमी आहे, हे खरं. जावईबापूंचा ओढा पहिल्याकडे आहे हेही मला ठाऊक आहे, आणि तिथला तलाव छानच आहे. त्यांना म्हणावं, येत्या आठवड्यात कामाच्या दिवशी, सुट्टीच्या नव्हे, ऑफिस सुटल्यावर थेट तिथे जा. तिथून छोटीला घेऊन समोरच्या वाचनालयापर्यंत चालत जा आणि परत या. तू दुसऱ्या उपनगरात संध्याकाळी सहाला जाऊन उभी राहा आणि मोठ्या माणसाशिवाय फिरणारी किती मुलं दिसतात ते मोज. दोघांचे आकडे आले की मला फोन कर, पण साडेनवाच्या आत.

तुझे,
बाबा