बालपणाच्या बेरजेतून माणूस कळत नाही

महोदय,

बालपणातल्या वाईट अनुभवांची दहा प्रश्नांची चाचणी सध्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवर फिरते. प्रत्येक ‘हो’ला एक गुण, आणि चार गुण झाले की व्यसन, नैराश्य ठरलेलेच, असा तिचा सूर असतो. मूळ संशोधन असे सांगत नाही.

ते करणाऱ्या फेलिटी, अँडा या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या साडेनऊ हजार प्रौढांची उत्तरे तपासली. तेव्हा वाईट अनुभवांचे प्रकार सातच होते, दहा नंतर झाले. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. पण हा हिशेब समूहाचा आहे. आईवडिलांच्या घटस्फोटाला एक गुण आणि लैंगिक अत्याचारालाही एकच! मार एकदोन महिने बसला की दहा वर्षे, वय किती होते, पाठीशी कोण उभे राहिले, यातले काहीच त्या बेरजेत उतरत नाही. शिवाय सगळी भिस्त आठवणीवर. लहानपणीच नोंदवलेला छळ आणि मोठेपणी सांगितलेला छळ यांची २०१९ मध्ये १६ अभ्यासांतून तुलना झाली, तेव्हा नोंद असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तो सांगितलाच नव्हता. एकेका व्यक्तीचे भाकीत या गुणांवरून करू नका, असे खुद्द अँडांनीच २०२० मध्ये लिहिले.

म्हणून बालपण बिनमहत्त्वाचे ठरत नाही. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक कुटुंबांत पाठवले गेले. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची बुद्धी आणि माणसांशी जडणारे नाते जास्त सावरले. अवधानाच्या तक्रारी मात्र चांगल्या घरातही फारशा हटल्या नाहीत. म्हणजे सगळ्या जखमा एकाच वेगाने भरत नाहीत. उलट हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांत गरिबी आणि घरातली भांडणे यांच्या कचाट्यात वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले धडधाकट, कर्ती निघाली. आजी असो वा शिक्षक, विश्वासाचे एक तरी मोठे माणूस त्यांच्याजवळ टिकून होते.

चाचणी छापायचीच, तर गुणांचा तक्ता काढून टाका आणि प्रत्येक प्रश्नाखाली आणखी चार विचारा: तेव्हा वय काय होते, किती काळ चालले, कसे थांबले, कोणाला सांगता आले. समुपदेशकाच्या कामाची उत्तरे ही आहेत.

– बालमानसशास्त्राचा एक अभ्यासक