सांबारवडी आणि बाबांची गोळी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं तो आकडा, १.६ इतका कमी आला, म्हणून डॉक्टरांनी वॉरफरिन, ती रक्त पातळ ठेवायची गोळी, वाढवली, हे फोनवर कळलं. पण तेवढ्यावरून आईने घरात हिरवी भाजीच बंद केली, हे काही मला पटलं नाही. ऐन थंडीत, नागपुरात राहून डाळभाजीसुद्धा नाही?

आमच्या लॅबमध्ये रोज हीच तपासणी चालते, म्हणून आतलं सांगते. रक्तात प्रोथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन नुसतंच फिरत असतं, काही करत नाही. जखम झाली की एकेक एन्झाइम पुढच्याला कापून कामाला लावतं. रक्त गोठवणाऱ्या या घटकांना क्रमांक दिलेले आहेत; शेवटी दहावा घटक प्रोथ्रॉम्बिनला कापतो आणि त्याचं थ्रॉम्बिन होतं. खरं कारभारी तेच. ते फायब्रिनोजेन या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक तुकडे छाटतं, उरलेल्याचे धागे होतात, तेरावा घटक ते पक्के जोडतो, आणि गुठळी तयार. शिवाय थ्रॉम्बिन मागच्या घटकांनाही चेतवतं, म्हणजे स्वतःचीच भर घालत राहतं. बोट कापल्यावर हे हवंच. पण बाबांच्या हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त तिथे साचतं, आणि जखम नसतानाही हाच प्रकार सुरू होऊ शकतो. ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात.

आता भाजीचं. प्रोथ्रॉम्बिन, सातवा, नववा आणि दहावा घटक यकृतात बनतात. त्यांना कॅल्शियम धरता यावं म्हणून के जीवनसत्त्व लागतं. वापरलेलं के पुन्हा ताजं करणारं एक एन्झाइम असतं, वॉरफरिन नेमकं त्यालाच अडवते. आधी बनलेलं प्रोथ्रॉम्बिन मात्र दोन-तीन दिवस टिकतं, म्हणून आज वाढवलेल्या गोळीचा पूर्ण परिणाम उद्या दिसत नाही. (आई, हे औषध १९४८ मध्ये उंदीर मारायला म्हणून बाजारात आलं. घाबरू नकोस, अमेरिकेत १९५४ पासून माणसांना देतात.)

सांबारात, म्हणजे कोथिंबिरीत, के भरपूर. गोकुळपेठेतून जुड्यांवर जुड्या आणून तू सांबारवड्या केल्यास, बाबांनी काही हात राखला नाही, आणि आकडा घसरला. माझा तरी संशय वड्यांवरच आहे. डॉक्टरांना हे सांगितलंत का? कारण आता गोळी वाढलेली आणि भाजी बंद, म्हणजे आकडा ३ च्या वर जायची भीती. मग हिरड्यांतून रक्त, काळी शौच. हिरवं रोज साधारण सारखंच असू दे. संत्री खुशाल खा, त्यात के नसल्यातच जमा.

बाबा, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणू नका. या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

पुढचं रक्त देताना निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली का, तेवढं बघा. आतलं सायट्रेट, रक्त गोठू न देणारं द्रव्य, ठरावीक रक्ताच्या मापाचं असतं. नळी अर्धवट भरली तर आकडा खोटाच जास्त येतो. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, वहीतले मागचे आकडेही.

तुमची लेक