एक ट्यूबलाइट बंद केल्याबद्दल

प्रिय सिस्टर,

तुम्हाला मी आठवत असेन की नाही, कोण जाणे. तुमच्यासमोर दिवसभरात किती हात पुढे होत असतील आणि तुम्हाला किती शिरा शोधाव्या लागत असतील! ओळख म्हणून एवढंच सांगते: बाटल्यांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन आलेली, डोळ्यांवर फाइल आडवी धरून बसलेली बाई, ती मी. हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून असं चारचौघांत लिहितेय, कारण तशीच पिशवी घेऊन फिरणारी माणसं बरीच आहेत. त्यांनीही ते वाचावं. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं तीन भेटींत कळलंय.

गोचीड कधी चावली ते मला कळलंच नाही. तिच्या चाव्यातून होणारा लाइम हा आजार झालेल्या बहुतेकांच्या अंगावर लाल चट्टा उठतो आणि पसरत जातो म्हणतात. माझ्या अंगावर उठलाच असेल तर पाठीवर कुठेतरी उठून, मला न भेटता निघून गेला. पुढे गुडघा टम्म सुजला तेव्हा तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला. सूज उतरली. थकवा मात्र तसाच मुक्कामाला राहिला. थकवा हा शब्दही तोकडाच आहे. मी पोटापाण्यासाठी मुद्रितशोधन करते, म्हणजे दुसऱ्यांच्या काना-मात्रा तपासते. तर एक ओळ चार-चार वेळा वाचूनही मला तिच्या क्रियापदापर्यंत पोचता येईना. अंघोळ केली की तासभर आडवं व्हावं लागे. आणि उजेड. उजेड टाचणीसारखा डोळ्यांत शिरायचा.

उपचार पुरे होऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांचं असं होतं, हे मला फार उशिरा समजलं. आधी समजलं ते वेगळंच. एका डॉक्टरांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "घरी काही टेन्शन?" दुसरे म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत, मन कशात तरी गुंतवा." तिसऱ्यांनी माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला विचारलं, "या आधीपासूनच अशा आहेत का?" अशा म्हणजे कशा, हे विचारायचंही त्राण तेव्हा नव्हतं. आता आहे, पण आता ते समोर नाहीत.

मग मी तिथे गेले जिथे सगळं ऐकून घेतात. मऊ आवाज, मोठी खुर्ची, हवा तेवढा वेळ. जंतूशी लढून लढून तुमच्या मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमल्या आहेत, असं मला सांगण्यात आलं. दमण्याच्या पायऱ्या असतात आणि मी शेवटच्या पायरीवर आहे. दिवसातून चार वेळा नळीत थुंकी जमा केली, तिचा रंगीत आलेख आला, आणि खरं सांगते सिस्टर, तो आलेख पाहून मी आनंदाने रडले. कुणीतरी मला खरं मानलं होतं! त्याच भरात बाटल्या घेतल्या. ग्रंथींना 'आधार' देणाऱ्या कॅप्सूल, जनावराच्या ग्रंथीची पूड, ज्येष्ठमधाचे थेंब, आणखी काय काय. वरून महिनोन् महिने पुन्हा अँटिबायोटिक घ्यायचंही सुचवलं होतं. ते मी पोट बिघडेल या भीतीने टाळलं, अक्कल होती म्हणून टाळलं नाही. लाइमनंतर रेंगाळणाऱ्या त्रासावर तीन-तीन महिने अँटिबायोटिक देऊन पाहिलं तरी खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा होत नाही, हे 2001 सालीच छापून आलं होतं. छापलेलं वाचणं हा माझा धंदा. पण ते मी वाचलं नव्हतं.

तर अशी मी तुमच्या दालनात आले. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे त्याच ग्रंथींचं संप्रेरक, जरा कमी आलं होतं म्हणून मोठी तपासणी ठरली होती. तुम्ही फॉर्म भरत होतात. "औषधं कोणती चालू आहेत?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "काही नाही." इथवर सगळे येतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "औषध नाही म्हणत हो. गोळी, पूड, थेंब, चघळायचं काही?" मी पिशवी टेबलावर ठेवली. काचेचा तो खळखळाट मला अजून ऐकू येतो.

तुम्ही हसला नाहीत. कपाळाला हातही लावला नाहीत. चष्मा वर सरकवून एकेक बाटली डोळ्यांजवळ नेलीत आणि मागची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचलीत. मी बघत बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी वाचून पोट भरणाऱ्या मी यातली एकही ओळ वाचली नव्हती.

आणि मधेच, तिसरी की चौथी बाटली हातात असताना, तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी फाइल कपाळावर आडवी धरली होती. तुम्ही बोलणं न थांबवता उठलात, माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केलीत, बाटली घेऊन खिडकीपाशी गेलात आणि तिथल्या उजेडात उरलेलं लेबल वाचायला लागलात. विचारलं नाहीत, "त्रास होतोय का?" सांगितलं नाहीत, "बघा, तुमच्यासाठी बंद केली हं." जणू ती ट्यूब नाहीतरी बंदच करायची होती.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. पण तोवरच्या तीन वर्षांत उजेड कमी करा असं सांगायला मी नऊ-दहा ठिकाणी तोंड उघडलं होतं, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीक रेघ उमटायची: आली, नखरेल आली. त्यामुळे मी मागणंच सोडलं होतं. फाइल धरायची सवय तिथून लागली. तुमच्या खोलीत पहिल्यांदाच मला माझा आजार सिद्ध करून दाखवावा लागला नाही. त्या अर्ध्या अंधारात खांदे कसे खाली आले ते माझं मला कळलं.

त्या दिवशी तपासणी झालीच नाही. तुम्ही डॉक्टरांना बोलावून दोन बाटल्या दाखवल्यात आणि ती पुढे ढकलली गेली. 'अ‍ॅड्रिनलला आधार' म्हणून सर्रास विकली जाणारी 12 उत्पादनं संशोधकांनी तपासली होती, 2018 साली तो अहवाल आला. बाराच्या बारांमध्ये थायरॉइडचं संप्रेरक निघालं, आणि बहुतेकांत एखादं तरी स्टेरॉइड. लेबलवर त्याचा पत्ता नाही! बाहेरून असं स्टेरॉइड येत राहिलं की मेंदू ग्रंथींना हुकूम सोडायचं बंद करतो आणि ग्रंथी खरोखरच सुस्तावतात. म्हणजे जो आजार नव्हता तो आणायची सोय मी स्वतःच्या पैशाने केली असण्याची शक्यता होती. आणि अशा गोळ्या एका झटक्यात सोडणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी त्या हळूहळू उतरवल्या. ज्येष्ठमधाचे थेंब मात्र त्याच दिवशी बंद. रक्तदाब का चढला होता आणि पोटॅशियम का घसरलं होतं, त्याचा उलगडा तिथेच झाला.

काही आठवड्यांनी मी पुन्हा आले. दार ढकललं तर माझ्या खुर्चीवरची ट्यूबलाइट आधीच बंद होती.

इथे मी पाच मिनिटं पेन खाली ठेवलं होतं. पुढे लिहिते.

त्या दिवशी तुम्ही माझा हात उलटा करून तळवा न्याहाळलात. मी म्हटलं, "भविष्य काय म्हणतंय?" तुम्ही म्हणालात, "रेषा नाही बघत, रेषांचा रंग बघतेय." मग सुईनंतरच्या तासाभरात, दर अर्ध्या तासाने रक्त काढता काढता, मला जे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलंत. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी, मराठीत अधिवृक्क, वजनाला जेमतेम पाच-पाच ग्रॅम. त्या खरोखर निकामी होतात तेव्हा त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली त्याचं वर्णन केलं. त्यात वजन घटतं, मीठ खावंसं वाटतं, उभं राहिलं की अंधारी येते, तळव्याच्या रेषा काळवंडतात. तो रक्तात सापडतो आणि त्यावर जन्मभर औषध घ्यावं लागतं, त्यात हयगय चालत नाही. 'दमलेल्या अ‍ॅड्रिनल'ची कल्पना मात्र 1998 साली एका कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हातांनी मणका दाबून उपचार करणाऱ्याने, मांडलेली. 2016 साली 58 अभ्यास चाळून पाहिले गेले, पण तिला आधार सापडला नाही. हे ऐकताना मला राग यायला हवा होता. पण तुम्ही ते अशा स्वरात सांगत होतात की मूर्ख ठरल्यासारखं वाटलंच नाही.

माझ्या ग्रंथी शाबूत निघाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवला आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्हाला विचित्र वाटेल, पण 'नॉर्मल' या शब्दाची मला धास्ती बसली होती. त्या शब्दानंतर नेहमी दार दाखवलं जायचं. बाहेर पडताना तुम्ही गाठलंत आणि म्हणालात, "ग्रंथी ठीक आहेत एवढंच त्या कागदावर लिहिलंय. तुम्ही ठीक आहात असं कुठे लिहिलंय?"

सिस्टर, एका टोकाला मला काहीही झालेलं नाही म्हणणारे होते. दुसऱ्या टोकाला सगळंच बिघडलंय म्हणून बाटल्या विकणारे. मधल्या जागेत उभं राहून 'त्रास खरा, कारण ते नाही' एवढं साधं वाक्य बोलायला कुणीच तयार नव्हतं. खरं तर त्याला फार मोठी पदवी लागत नसावी.

लाइमचा शोधही अशाच ऐकून घेण्यातून लागला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावच्या पॉली मरी यांच्या घरात एकामागोमाग एक सगळे आजारी पडत होते आणि डॉक्टर मनावर घेत नव्हते. बाई वह्या भरत गेल्या, कुणाला कधी काय झालं ते टिपत गेल्या. 1975 साली त्यांनी आणि आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं, आणि त्या वेळी अ‍ॅलन स्टीअर नावाच्या तरुण डॉक्टरांनी वही मिटायला न सांगता ती बघितली. जंतू सापडल्याचं छापून यायला 1982 उजाडलं. त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी, शोधणाऱ्याच्या नावावरून. वही भरणाऱ्या बाईचं नाव कशालाच नाही.

आता कशी आहे? बरी नाही, पण बऱ्यापैकी आहे. तुम्ही दिलेली चिठ्ठी आरशाला अडकवली आहे. सकाळी ठरल्या वेळी उठून उजेड सोसेल तेवढा वेळ खिडकीत बसायचं, कारण कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं, त्या चक्राला आपण आडवं जायचं नाही. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. आणि चांगला दिवस उगवला की उधळायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड! चांगल्या दिवशी मी कपाट आवरायला काढायचे आणि पुढचे तीन दिवस त्या कपाटासमोर जमिनीवर पडून असायचे. आता दोन खण आवरते आणि दार लावून घेते. तिसरा खण मला हाका मारत असतो. मारू दे.

यात कुठलीच गोळी नाही, त्यामुळे कुणाला फारसं पटत नाही. एका मैत्रिणीने विचारलंच, "मग अ‍ॅड्रिनलसाठी आता काय घेतेस?" म्हटलं, झोप घेते.

कामावरही परतले आहे, दिवसाकाठी चाळीस मिनिटं, वीस-वीसच्या दोन बैठकांत. हे पत्र अशा सात बैठकांत झालं. मधे दोन दिवस काहीच जमलं नाही, म्हणून कुठे सूर बदलला असेल तर सांभाळून घ्या. आणि त्या दालनात माझ्यानंतर कोणी फाइल आडवी धरून बसलं असेल, तर त्यांच्या डोक्यावरचीही ट्यूब एव्हाना बंद झालेली असणार, याबद्दल मला शंका नाही.

तुमची,
पिशवीवाली

ता. क. चिठ्ठीत तुम्ही 'विश्रांती'ची शेवटची वेलांटी ऱ्हस्व काढली आहे. रोज दात घासताना दिसते. हात शिवशिवतो, लाल पेन समोरच असतं. दुरुस्त केलेली नाही.