रेराचे खातेच नसलेले मॉडेल: अभ्यासक्रमाच्या शुल्काबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: रिअल इस्टेट फायनान्शियल मॉडेलिंग अभ्यासक्रमातील सदोष टेम्प्लेट व शुल्क परतावा

महोदय,

मी नागपूरचा. बारा वर्षे साइट इंजिनिअर म्हणून काम केले. जमीन घ्यायची की नाही हे ज्या आकड्यांवर ठरते ते शिकावे आणि गुंतवणुकीच्या क्षेत्रात जावे, म्हणून जानेवारीत आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला ६४,००० रुपये भरले. त्यासाठी घरातली एक मुदत ठेव मोडली.

डीसीएफ (पुढे येणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य काढणे), कॅप रेट (किमतीच्या तुलनेत वर्षाचे निव्वळ उत्पन्न), कर्जाचे वेळापत्रक हे सुरुवातीचे धडे चांगले होते, ते मान्य करतो. पण ते सगळे अमेरिकेतल्या भाड्याच्या इमारतींवर होते. माहितीपत्रकात मात्र 'भारतीय प्रकल्पांवर आधारित' असे छापले आहे. तसे टेम्प्लेट (आकडे भरायची तयार शीट) सोळाव्या आठवड्यात एकच मिळाले, आणि माझी मुख्य तक्रार त्याबद्दलच आहे.

आपल्याकडे स्लॅब पडत जातात तसे ग्राहकांचे हप्ते येतात. रेरा कायदा, २०१६ (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) च्या कलम ४ नुसार त्यातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ते फक्त बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठी वापरता येतात, तेही काम झाले असेल त्या प्रमाणात, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए यांचे दाखले मिळाल्यावरच. आपल्या टेम्प्लेटमध्ये हे खातेच नाही. हप्ता आला की त्याच महिन्यात तो गुंतवणूकदाराला परत जातो. साहजिकच आयआरआर (पैसे कधी जातात आणि येतात ते धरून काढलेला वार्षिक परताव्याचा दर) फुगतो. मी खाते जोडून पाहिले तेव्हा २४ टक्क्यांचा परतावा १७ वर आला. शिवाय जमिनीचे पैसे अनियमित तारखांना जात असताना तिथे एक्सआयआरआर (नेमक्या तारखा धरणारे सूत्र) हवे. आपण साधे आयआरआर लावले आहे.

हे मला कळले ते पुण्यातल्या मुलाखतीनंतर. नागपूरच्या बेसा भागातल्या एका इमारतीची केस मी आपल्याच टेम्प्लेटवर सोडवून नेली होती. मुलाखत घेणाऱ्यांनी कॅश फ्लोची शीट उघडली आणि विचारले, "रेराचे खाते कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या टक्केवारीवर त्या खात्यातून पैसे सुटतात, ती टक्केवारी मी वर्षानुवर्षे साइटवर मोजून देत आलो आहे. तरी शिकवणाऱ्यांना जास्त कळत असेल, या विश्वासाने मी गप्प बसलो होतो. ही गोष्ट मला फार लागली आहे.

आणखी एक. नागपुरात वर्धा रोडवर कुठेही जा, लेआउटचे फलक दिसतात. प्लॉटच्या प्रकल्पाचे मॉडेल आपण शिकवलेच नाही. माहितीपत्रकात ते आहे.

मी तीन ई-मेल पाठवले. एकाला उत्तर आले: परताव्याची मुदत प्रवेशानंतर सात दिवस. चूक सोळाव्या आठवड्यात हाती आली, तर सात दिवसांत ती मी कशी दाखवणार होतो?

माझ्या मागण्या दोन. माझे पूर्ण शुल्क परत करावे. आणि टेम्प्लेट दुरुस्त करून आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाला पाठवावे, कारण त्यातले काही जण हेच मॉडेल घेऊन मुलाखतींना जाणार आहेत. दुरुस्त केलेली माझी शीट सोबत जोडली आहे. ती खुशाल वापरा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे.

आपला,
जानेवारी बॅचचा एक विद्यार्थी
नागपूर