बुलेटच्या १,१८७ नगांचा हिशोब

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सर्व्हिसिंगसाठी नेते असे सांगून मी बुलेट टेम्पोत चढवून पुण्याला आणली, त्याला आता सात आठवडे झाले. दर रविवारी फोनवर तुम्ही "झाली का?" विचारता आणि मी विषय बदलते. खरे असे आहे की मी गाडी पूर्ण खोलली आहे आणि विंटेज म्हणून तिची नोंदणी व्हावी यासाठी अर्जही भरला आहे. आधी तुम्हाला विचारायला हवे होते. पण विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुमच्या नाहीपुढे माझे आजवर कधी काही चाललेले नाही. रागवायचे असेल तर जरूर रागवा, फक्त पत्र शेवटपर्यंत वाचा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी विंटेज ठरते. आपली १९७४ ची आहे. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो, त्यामुळे पाटीवरची ती तीन अक्षरे तशीच राहतील. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे मंडईत, बँकेत आणि कृष्णाकाठी ती यापुढे जाणार नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिले आहे. गेल्या श्रावणात किक उलटी बसून तुमची पोटरी काळीनिळी झाली, आणि आई, तू ते महिनाभर माझ्यापासून लपवलेस. त्यानंतर मला दुसरे काही सुचेना. विकायला मन धजत नव्हते, आणि दारात उभी ठेवली असती तर एखाद्या सकाळी बाबांनी किक मारलीच असती.

मूळ स्वरूप म्हणजे नेमके काय उरले आहे, हे कळण्यासाठी सगळे मोजायला घेतले, आणि ते तुमच्याच पद्धतीने, जशी मार्चअखेर डेपोच्या स्टोअरमध्ये मोजणी चाले तशी. लांब वही, तीन रकाने, प्रत्येक पानाच्या शेवटी बेरीज. नग कशाला म्हणायचे हे ठरवण्यातच पहिला शनिवार गेला. शेवटी असा नियम केला की न तोडता, न कापता जे सुटे होते तो एक नग. त्यामुळे साखळी एक, बेअरिंग एक. पण स्टीअरिंगच्या गोळ्या सुट्याच असतात, म्हणून त्या ३८ मोजल्या. चाकांच्या आऱ्या प्रत्येकी ४०, म्हणजे ८०, आणि त्यांच्या टोकांना बसणाऱ्या निपल आणखी ८०. पिस्टनच्या रिंगा तीन, पुशरॉड दोन, व्हॉल्व्ह दोन, प्रत्येक व्हॉल्व्हला आतली आणि बाहेरची अशा दोन स्प्रिंगा. एकूण १,१८७. यातले काहीही हरवलेले नाही, बाबा. बोल्ट इंची मापाचे असल्यामुळे माझी मिलिमीटरची पाने बसतच नव्हती. तुमची खाकी पिशवी बरोबर आणली होती म्हणून निभावले. मधल्या काळात कोणीतरी टाकीखाली मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने पिळला होता, तेवढे आटे मात्र गेले आहेत. ते नवे पाडून घेईन.

आई, तुझा जुना मिसळणाचा डबा मी घेतला आहे. जिऱ्याच्या वाटीत व्हॉल्व्हला स्प्रिंगशी पकडून ठेवणारे कोलेट आहेत, वालाच्या दाण्याएवढे चार अर्धगोल तुकडे. मोहरीच्या वाटीत कार्बोरेटरची सुई आणि जेट. धुतल्यावरही त्या डब्याला हळदीचा वास येतो आणि रात्री मोजताना मला फार बरे वाटते. तुला नवा डबा आणते.

अॅमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारे ते काट्याचे घड्याळ, मी स्वतः पुसला. बाबा, तुम्ही डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी कळ, दाबून किक हळूहळू खाली न्यायचात आणि मी टाकीवर बसून काट्याकडे पाहायची. डावीकडे झुकलेला काटा मध्यावर आला की "आला!" असे ओरडायचे, मग तुम्ही मला उचलून खाली उभे करायचात आणि एकाच किकमध्ये गाडी सुरू व्हायची. गाडी माझ्या ओरडण्यामुळेच सुरू होते, असे मी चौथीपर्यंत समजत होते. तुम्ही मला कधी तसे नाही म्हणून सांगितले नाही.

आता ऐका. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या काकांशी मी बोलले आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला ते दारात येतील आणि मंडई, बँक, तुम्ही म्हणाल तिथे नेऊन परत आणतील. पैसे मी देणार, पेन्शनला हात लावायचा नाही. पायरीपाशी धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करायचे. बीपीची गोळी न्याहारीनंतर, "जरा वेळाने" नाही. आई, पोटरी पुन्हा दुखली तर त्याच दिवशी मला फोन करायचा. दिवाळीनंतर दोघांना न्यायला येते. इंजिन बाबांसमोरच बसवायचे म्हणून ते मी जोडलेले नाही. तुम्ही खुर्चीत बसून सांगायचे, उचलायचे काहीही नाही.

एक नग पार्ट्सच्या पुस्तकात नाही. मागच्या मडगार्डच्या बोल्टाखाली डालडाच्या डब्याच्या पत्र्याची कापलेली वॉशर निघाली. पिवळ्या रंगावर हिरव्या माडाची एक झावळी अजून दिसते. कात्रीच्या खुणा तुमच्याच आहेत. मी तिला १,१८७ वा क्रमांक दिला आहे आणि ती होती तिथेच बसवणार आहे. फक्त झावळीची बाजू वर होती की खाली, हे खोलताना माझ्या ध्यानात राहिले नाही. तेवढे रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
बेबी