बीप बंद केला, बिघाड तसाच राहिला

महोदय,

साताऱ्यात आमच्या गल्लीत १९ सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या मुलाची मोटारसायकल चोरीला गेली. तो एमआयडीसीत कामाला आहे. गाडीचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. सकाळी पोलीस चौकीतून हवालदार आले आणि त्यांनी सरळ आमचं दार वाजवलं, कारण गेटवरचा आमचा कॅमेरा त्या गाडीच्या जागेकडेच रोखलेला आहे. "मावशी, रात्री बारा ते पाचचं फुटेज काढून द्या," म्हणाले. मी मोठ्या विश्वासाने टीव्ही लावला. चारही चौकटी लख्ख दिसत होत्या. मागचं रेकॉर्डिंग उघडलं, तर ११ ऑगस्टनंतर काहीच नाही. जवळजवळ सहा आठवडे आमचे कॅमेरे नुसते बघत होते, साठवत काहीच नव्हते. तो मुलगा माझ्या मागेच उभा होता. त्याचा चेहरा पाहवला नाही.

मग आठवलं. ऑगस्टमध्ये कॅमेऱ्यांचं चित्र हार्ड डिस्कवर साठवणारा तो डीव्हीआरचा डबा एकसारखा बीप बीप करायला लागला होता. ज्यांनी कॅमेरे बसवले त्यांना फोन केला. त्यांचा माणूस आला, माउसने दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं, आवाज थांबला. "झालं काकू," म्हणाला आणि भेटीचे तीनशे रुपये घेऊन गेला. मला वाटलं, दुरुस्ती झाली. आता कळलं, की तो आवाज म्हणजे 'हार्ड डिस्क सापडत नाही' ही सूचना होती आणि त्याने फक्त सूचनेचा आवाज बंद केला होता. घरात धूर झाला म्हणून भोंगा वाजावा आणि कुणी येऊन भोंग्याची वायर काढावी, तसलाच हा प्रकार.

चोरीनंतर पुन्हा त्याच दुकानात फोन केला. डबा न पाहताच उत्तर आलं, "डिस्क गेली, आता नवीन सेटच घ्या." माझ्या भाच्याने ऐकलं नाही. तो डबा उचलून आमच्या जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेला, मीही बरोबर गेले. काकांनी झाकण काढून डिस्कवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीपण हात लावा." डिस्क फिरत असली की हाताला बारीक थरथर लागते. इथे काही क्षण कण्हल्यासारखा आवाज यायचा, टक् व्हायचं आणि शांत. मग त्यांनी अ‍ॅडॉप्टर मोजला. नुसता मोजला तर जवळजवळ बारा व्होल्ट, डबा जोडून मोजला तर साडेनऊवर घसरला. डिस्कची मोटर बारा व्होल्टवर चालते आणि सुरू होताना तिला सगळ्यात जास्त करंट लागतो. अ‍ॅडॉप्टर थकला की ती फिरतच नाही. बाकीच्या बोर्डाला मात्र कमी व्होल्ट पुरतात, म्हणून चित्र दिसत राहतं. अ‍ॅडॉप्टर फोडला, तर आतला कपॅसिटर, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग, वर फुगून आलेला. तीन-चार वर्षं रात्रंदिवस गरम होत राहिल्यावर दुसरं काय होणार?

साडेतीनशे रुपयांचा नवा अ‍ॅडॉप्टर लावला आणि डिस्क फिरली. पडद्यावर लगेच 'फॉरमॅट करायचं का?' असं आलं. माझं बोट 'हो'कडे निघालंच होतं, काकांनी हात धरला. "आधी जुनं बघा, मग पुसा." जुनं सगळं शाबूत होतं. एक टीबीच्या डिस्कवर आमच्या चार कॅमेऱ्यांचं दहा-बारा दिवसांचं मावतं, मग सगळ्यात जुन्यावर नवं चढतं. त्यामुळे ३१ जुलै ते ११ ऑगस्ट एवढंच हाती आलं. शेवटच्या चित्रात तो मुलगा पावसात त्याच मोटारसायकलवर ताडपत्री बांधतो आहे.

घड्याळही बावीस मिनिटं मागे होतं, आतला नाण्याएवढा सेल संपत आला होता. हे किरकोळ वाटेल. पण हवालदारांनी सांगितलं, की फुटेज कोर्टात द्यायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि वेळच चुकलेली असेल तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार.

आता दर रविवारी सकाळी मी कालच्या रात्री दोनचं रेकॉर्डिंग उघडून पाहते आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांच्या कॅमेऱ्यात छोटं मेमरी कार्ड आहे त्यांनी तर हे करायलाच हवं. सतत लिहून-पुसून साधं कार्ड झिजतं, कधी लिहून घेणंच बंद करतं, आणि मोबाइलवर चित्र मात्र झकास दिसत राहतं. अशा कामासाठी जास्त टिकणारी कार्डं वेगळी मिळतात, ती मागून घ्यावीत.

कॅमेरे बसवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काम संपवून निघताना थेट चित्र दाखवू नका, तासाभरापूर्वीचं रेकॉर्डिंग लावून दाखवा. बिलावर डिस्क किती टीबीची, किती दिवस पुरेल, अ‍ॅडॉप्टर किती अँपिअरचा, हे लिहा. पासवर्ड घरमालकाच्या हातात द्या. आणि डबा ओरडत असेल तर तो का ओरडतो आहे हे शोधल्याशिवाय त्याचं तोंड बंद करू नका. आमच्याकडे त्या दिवशी कुणी डिस्कला नुसता हात लावून पाहिला असता, तर १९ सप्टेंबरची रात्र आज पोलिसांच्या हातात असती. शेजारचा मुलगा अजून हप्ते भरतो आहे आणि पहाटे पाचला चालत नाक्यावर जातो.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा